सिझेरियनच्या सुईने कंबर कायमची दुखते का?

"पाठीत इंजेक्शन घेतले तेव्हापासून कंबर धरली ती धरलीच, हे त्या सुईनेच ना?" सिझेरियनसाठी कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीच्या सुईबद्दलचा हा प्रश्न, मी भूलतज्ज्ञ असल्यामुळे, मला रुग्णालयाबरोबरच लग्नकार्यांत आणि नातेवाइकांच्या घरीही विचारला जातो, आणि विचारणाऱ्या बाईचे मूल बहुतेक वेळा शाळेत जाऊ लागलेले असते. माझे उत्तर 'नाही' असे आहे. मात्र जिथे सुई टोचली होती तिथेच हात ठेवून ती दुखणे दाखवत असते, त्यामुळे नुसत्या नकाराने तिचे समाधान होणार नाही. त्या जागी आत काय आहे हे तिला कळायला हवे.

आपल्या पाठीच्या कण्यात त्रिकास्थीच्या, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या, वर २४ सुटे मणके असतात. मानेतल्या सर्वांत वरच्या जोडीचा अपवाद वगळता शेजारच्या कोणत्याही दोन मणक्यांमध्ये तीन सांधे असतात: पुढे चकती, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती, आणि मागे डावी-उजवीकडे फॅसेट नावाचा एकेक लहान सांधा. चकतीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची एकावर एक कडी असतात. एका कड्यातले तंतू जिकडे कललेले असतात त्याच्या उलट दिशेला पुढच्या कड्यातले कललेले असतात. फॅसेट हे मात्र गुडघ्याच्याच जातीचे सांधे आहेत. त्यांना कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, असते, वंगणासारखा द्रव असतो आणि वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंनी भरलेले वेष्टन असते. कमरेत ते जवळजवळ उभे बसवलेले असल्यामुळे तिथून पुढे-मागे वाकता येते, पण पिळता फारसे येत नाही.

हे सगळे जागेवर ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. मणक्यांच्या पुढून एक रुंद पट्टा जातो. त्यांच्या मागच्या अंगाला असलेला पट्टा कमरेपाशी अरुंद होतो, आणि म्हणूनच तिथली चकती बहुधा मागे एका बाजूला सरकते. पाठीवरून बोट फिरवल्यावर जी टोके हाताला लागतात, त्यांच्यावरून आणि त्यांच्यामधून आणखी दोन अस्थिबंध जातात. सुईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो त्यांच्याही आतला पिवळा अस्थिबंध. त्याचा सुमारे ८० टक्के भाग लवचीक तंतूंचा असतो, त्यामुळे आपण वाकलो की तो ताणला जातो आणि सरळ झालो की आखडतो. तो तसा आखडला नसता, तर त्याची चुणी पडून मज्जारज्जूच्या नळीतली जागा अडली असती.

आता सुईचा मार्ग पाहू. हनुवटी छातीला लावून पाठ मागे काढायला आम्ही सांगतो ते मणक्यांमधल्या फटी उघडाव्यात म्हणून. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांवर हात ठेवले की अंगठे साधारण चौथ्या कटिमणक्याच्या, म्हणजे कमरेतल्या चौथ्या मणक्याच्या, पातळीवर येतात. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याच्या आसपास संपलेला असतो, म्हणून आम्ही त्याच्या बऱ्याच खालची फट निवडतो. सुई त्वचेतून आणि चरबीतून सहज जाते, मग टोकांवरच्या अस्थिबंधात रबरासारखा विरोध जाणवतो, पुढे हात थोडा सैल पडतो आणि पिवळ्या अस्थिबंधाशी पुन्हा घट्ट अडतो. तो पार होताच विरोध एकदम संपतो. त्यानंतरचे पातळ आवरण ओलांडले की सुईच्या मागच्या टोकाशी मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा पाण्यासारखा स्वच्छ थेंब दिसतो. ही सुई जेमतेम अर्धा मिलीमीटर जाडीची असते, आणि मधल्या रेषेतून नीट गेलेली सुई ना चकतीत शिरते, ना फॅसेटमध्ये. टोचल्या जागी काही दिवस ठणका राहतो हे खरे आहे, आणि ते नाकारणाऱ्या डॉक्टरांशी मी सहमत नाही. पण तो ठणका वर्षानुवर्षे टिकत नाही. प्रसूतिकळांसाठी एपिड्युरल, म्हणजे वेदना कमी करणारे पाठीतले इंजेक्शन, घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची पद्धतशीर तुलना झालेली आहे, आणि त्या सुया याहून बऱ्याच जाड असूनही दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही.

मग दुखते कशामुळे? गरोदरपणात पोटाचा भार पुढे सरकतो, कमरेचा बाक वाढतो आणि वजन मागच्या फॅसेटवर येते. संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल होतात, आणि पुढून आधार देणारे पोटाचे स्नायू ताणले जातात. त्यानंतरचे महिने तर मला अधिक महत्त्वाचे वाटतात. माणूस कमरेतून पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि धडाचा भार अस्थिबंधांवर व चकतीच्या मागच्या कड्यांवर पडतो. अस्थिबंध थोडा वेळ ताणला तर लगेच पूर्ववत होतो. बराच वेळ ताणून ठेवला तर तो हळूहळू लांबतो आणि मूळ लांबीवर यायला वेळ घेतो, आणि तेवढा वेळ सांध्याचे रक्षण कमी पडते. बाळावर ओणवे होऊन पाजणे, जमिनीवर बसून त्याला न्हाऊ घालणे आणि लगेच उठून त्याला उचलणे, यांत दिवसभर हेच घडते.

दोष सुईला दिला की या गोष्टींकडे कोणी पाहत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. पाठीला टेकू देऊन बसावे, मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीपर्यंत वर आणावे, आणि पोट व पाठ यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा तापासह पाठ तीव्र दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सुईनंतरची गंभीर गुंतागुंत अतिशय दुर्मीळ असली, तरी तिची लक्षणे हीच असतात.

या प्रश्नापाठोपाठ दुसरा येतो: पुढच्या बाळंतपणात पुन्हा तिथेच सुई देता येईल का? बहुतेकींना देता येते, अगदी त्याच फटीतूनही. फक्त कंबर आधीपासून दुखत असेल तर ते भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत सांगावे, म्हणजे टेबलावर बसण्याची पद्धत आणि निवडायची फट यांचा विचार आधीच करता येतो.