मिशी होती ना?

परवा दुपारी जेवण अंगावर आल्यामुळे वाचण्याचे त्राण उरले नव्हते, म्हणून फोनवर 'हीज इन अगेन' हा १९१८ सालचा लहानसा मूकपट लावून आडवा झालो. गोल टोपी, आखूड कोट, ढगळ विजार, काठी आणि चिमूटभर मिशी असलेला तो गडी गुत्त्यातून हाकलला जात होता आणि पुन्हा आत शिरत होता. थोड्याच वेळात मला उठून बसावे लागले, कारण तो चार्ली चॅप्लिन नव्हताच.

तो बिली वेस्ट होता. चॅप्लिनच्या नकलेवर पोट भरणारे तेव्हा अमेरिकेत पुष्कळ होते. त्यांपैकी चार्ल्स अमाडोरने तर 'चार्ली ॲप्लिन' असे नावच लावले आणि चॅप्लिनने त्याला कोर्टात खेचले. वेस्ट मात्र स्वतःच्या नावाने नक्कल करी, आणि बरहुकूम करी. फरक शोधायचाच झाला तर एवढाच, की लाथ मारल्यावर चॅप्लिन आपणच दचकल्यासारखा क्षणभर थांबतो. वेस्टला पुढच्या लाथेची घाई असते. त्याच्यासमोरचा दांडगा खलनायक म्हणजे ऑलिव्हर हार्डी, आमच्या जाड्या-रड्यांतला जाड्या, जोडी जमायला अजून अवकाश असलेला. चॅप्लिनच्या पटांतला धिप्पाड एरिक कॅम्बेल जे काम करी, तेच हा इथे करतो. म्हणजे नकली नायकाला खलनायकही नकलीच हवा होता!

लहानपणी आमच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत फळ्यावर खडूने 'आज रात्री चार्ली' असे लिहिले जाई. पुढच्या सतरंज्या मोठ्यांनी अडवलेल्या असत, म्हणून आम्ही मुले पडद्याच्या मागे बसत असू. तिकडून काठी भलत्याच हातात दिसे आणि इंग्रजी पाट्या उलट्या येत, पण त्या सुलट तरी आम्हांला कुठे वाचता येत होत्या! वेस्टचे पट पुढे चॅप्लिनच्या नावावरही खपवले गेले, हे कळल्यापासून त्या रात्रींबद्दल मला उगाचच संशय येऊ लागला आहे. यंत्र चालवणारे काका आता नाहीत आणि रिळांचे काय झाले कोण जाणे.

शेवटी आईला विचारले, की आपल्या चाळीत दाखवायचे तो खरा चार्ली होता का. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिशी होती ना? मग चार्लीच."