डग्ग्याचा घिस्सा, तीन ॲम्प आणि एक मोजपट्टी

तक्रार जेमतेम एका सेकंदाची होती. माझ्याकडच्या एका तबला सोलोत वादक डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवतो आणि सूर खालून वर चढत जातो. हेडफोनवर तो घिस्सा सलग ऐकू येतो. खोलीत मात्र अर्ध्या वाटेत बसतो आणि थोडा वर गेल्यावर पुन्हा उगवतो. एकदा हे कानात भरलं की सुटका नाही. तंबोरा ऐकायला बसलो तरी कान डग्गा शोधायचे.

मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं. ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, कमी पडतोय असं ठरवून टाकलं.

तेव्हाची जोडणी अशी: ६० सेंटिमीटरच्या स्टँडवर हार्बेथ पी३ईएसआर स्पीकर आणि बारा वर्षं वापरलेला ६० वॉटचा एबी क्लास इंटिग्रेटेड ॲम्प. हा स्पीकर बीबीसीच्या एलएस३/५ए घराण्यातला. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावेल असा मॉनिटर हवा म्हणून १९७०च्या दशकात बीबीसीनं तो आराखडा केला होता. बंद पेटी, छोटा वूफर (खर्ज वाजवणारा ड्रायव्हर) आणि संवेदनशीलता, म्हणजे साधारण एका वॉटमध्ये एक मीटरवर मिळणारा आवाज, बेताची. हार्बेथ ८३.५ डेसिबल सांगते.

माझ्या संशयाला आकड्यांचाही आधार होता. मी अडीच मीटरवर बसतो. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकायचं आणि ठोक्यांना वर २० डेसिबलची मोकळीक ठेवायची, म्हणजे शिखर ९५. अंतरामुळे साधारण ८ डेसिबल जातात, दोन स्पीकर असल्यानं ३ परत मिळतात. बाकी राहिले १६.५ डेसिबल, म्हणजे ४५ वॉट. ६० वॉटचा ॲम्प अगदी काठावर. कागदावर खटला भक्कम होता.

पहिला आठवडा

डी क्लासचा, म्हणजे स्विचिंग पद्धतीनं चालणारा, २०० वॉटचा ॲम्प आणला. वॉट तिपटीहून जास्त, पण हातात आलेले डेसिबल फक्त ५.२. हे आपल्याला पाठ असतं आणि तरी दरवेळी विसरतो.

पहिल्या संध्याकाळी वहीत लिहिलंय: 'धार आली. वाद्यांमधली जागा मोकळी झाली. जवारी सुटी ऐकू येते.' दोन पानं भरली आहेत. दुसऱ्या दिवशी स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला, तर जुना २.०० व्होल्ट देत होता आणि नवा २.१७. कानानं 'सारखा' करून घेतलेला आवाज प्रत्यक्षात ०.७ डेसिबलनं जास्त होता. इतका फरक आवाज वाढल्यासारखा कळत नाही, दर्जा सुधारल्यासारखा कळतो. वहीतली ती दोन पानं या ०.७ची.

मग रीतसर बसलो. साइन वेव्ह २०० हर्ट्झची घेतली, कारण साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला सरळ खोटं बोलतात. दोन्ही ॲम्प २.०० आणि २.०२ व्होल्टच्या आत आणले, म्हणजे ०.१ डेसिबलपेक्षा कमी फरक. हातानं वायरी बदलण्यात मिनिट जातं आणि तेवढ्यात कानाची आठवण उडून जाते, म्हणून रिलेची स्विच पेटी केली. इथे एक इशारा. बऱ्याच डी क्लास ॲम्पचं आउटपुट ब्रिज केलेलं असतं, त्यांचा निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड नव्हे. दोन ॲम्पचे निगेटिव्ह एकत्र बांधणारी पेटी वापरलीत तर तुलना एकदाच होईल. प्लस आणि मायनस दोन्ही तुटून जोडले जातील अशीच पेटी हवी.

भाची नाणं उडवून पेटीची कळ फिरवायची, मी पाठ करून बसायचो. १६ फेऱ्या. नुसता अंदाज मारून १६पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणून १२ ही रेघ आखली होती. माझे आले ९. भाची म्हणाली, "मामा, नाण्याचे ८ असते." तिला पुढच्या फेऱ्यांना बोलवायचं की नाही यावर विचार सुरू आहे.

घिस्सा? दोन्ही ॲम्पवर त्याच जागी बसत होता.

तिसरा आठवडा

डी क्लास गेला, स्पीकर आले. केईएफ आर३. हा बदल समजायला नाणं लागलं नाही. तीन-वे रचना, १६५ मिलिमीटरचा वूफर आणि मधोमध ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा) बसवलेला मिड ड्रायव्हर. तबल्याच्या चाटीवरचा 'ता' आणि डग्ग्याचा 'गे' पहिल्यांदाच एका माणसाच्या दोन हातांतून आल्यासारखे वाटले. हार्बेथचा माणसाच्या गळ्यावरचा जिव्हाळा मात्र आर३कडे नाही, हे कबूल करतो. म्हणून ते विकलेले नाहीत, आतल्या खोलीत गेलेत.

मघाचा हिशेब पुन्हा मांडला. आर३ ८७ डेसिबल सांगतो. आता त्याच शिखराला २० वॉट पुरतात. ज्या ॲम्पला निवृत्त करायला निघालो होतो तो स्पीकर बदलताच धडधाकट झाला. फक्त हा ८७चा आकडा २.८३ व्होल्टवरचा असतो. ८ ओमवर तो १ वॉट, ४ ओमवर २ वॉट. आर३चा इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) एके ठिकाणी ३.२ ओमपर्यंत उतरतो, तिथे ॲम्पला करंट पुरवावाच लागतो. माझा जुना पुरवतो. गरम होतो, कुरकुरत नाही.

आणि घिस्सा? बसतोच. आता मोठ्या वूफरवर बसतो, एवढंच.

पाचवा आठवडा

मित्रानं त्याचा केटी८८ पुश-पुल व्हॉल्व्ह ॲम्प उचलून आणला. दोघांनी मिळून टेबलावर ठेवला. "अरे, ट्रान्सफॉर्मरचं वजन बघ, आवाज कळेल," हे त्याचं नेहमीचं शास्त्र. पाच मिनिटांत डग्गा गुबगुबीत झाला, घिस्साही थोडा भरल्यासारखा वाटला. तो विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होता, आणि खरं सांगतो, मलाही मजा येत होती.

आवाज जुळवून पुन्हा १६ फेऱ्या. १४ बरोबर. म्हणजे फरक खरा होता. आता तो येतो कुठून ते बघायचं.

८ ओमच्या टॅपवर, म्हणजे ८ ओमच्या स्पीकरसाठीच्या जोडणीवर, काही न जोडता २.५० व्होल्ट. ८ ओमचा जाड रेझिस्टर लावला की २.००. अर्धा व्होल्ट ॲम्पच्या पोटात राहिला, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स २ ओम. हा २ ओम स्पीकरच्या सिरीजमध्ये बसतो. जिथे आर३ ३.२ ओम आहे तिथे ४.२ डेसिबल गळतात. खर्जाच्या टोकावर माझ्या मोजणीत तो १५ ओमच्या आसपास जातो, तिथे गळतात फक्त १.१. बसल्या जागी ३ डेसिबलचा टोन कंट्रोल तयार, ज्याला बटण नाही आणि ज्याची दिशा स्पीकर ठरवतो. ४ ओमच्या टॅपवर आउटपुट इम्पीडन्स निम्मा होतो आणि तोच फरक १.८वर येतो. टॅप बदलून ऐकलं, डग्गा लगेच बारीक झाला. मित्र गप्प बसला. मग म्हणाला, "पण ८वर छान वाटत होतं ना?" वाटत होतं. त्यात लबाडी काही नाही, फक्त त्याला ॲम्पचा 'जीव' म्हणायला मी तयार नाही.

ॲम्प बनवणारे बॉब कार्व्हर यांनी १९८५मध्ये स्टिरिओफाइल मासिकाच्या संपादकांसमोर हेच उलट बाजूनं करून दाखवलं होतं. दोन ॲम्पचे आउटपुट एकमेकांतून वजा करायचे आणि उरलेला आवाज शून्याकडे जाईपर्यंत आपला ट्रान्झिस्टर ॲम्प त्यांच्या आवडत्या ॲम्पसारखा करत न्यायचा. एवढं झाल्यावर कान लावून बसलेल्या संपादकांनाही दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. मी आतापर्यंत ही गोष्ट दंतकथेसारखी सांगायचो. रेझिस्टर हातात घेतल्यावर ती हिशेबासारखी वाटायला लागली.

सहावा आठवडा

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. यूमिक-१ हा मोजणीचा माइक कानाच्या उंचीवर, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर, २० हर्ट्झपासून स्वीप, म्हणजे वर चढत जाणारा सलग सूर. १२० हर्ट्झच्या जरा वर ११ डेसिबलचा खड्डा. डग्ग्याचा सूर चढताना बरोबर त्यातूनच जात होता. तीन ॲम्प आणि दोन स्पीकर त्या खड्ड्यावरून गेले आणि मी दर वेळी गाडी बदलत होतो.

मोजपट्टी घेतली. वूफरपासून मागची भिंत ७० सेंटिमीटर. बाजूची भिंत ६९. जमीन ७२. पट्टी तशीच हातात धरून थोडा वेळ उकिडवाच बसलो.

मागच्या भिंतीचा हिशेब सोपा असतो. आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतो, हे अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढं झालं की परतलेली लाट पुढच्या लाटेला खोडते. ३४३ भागिले चार गुणिले ०.७, म्हणजे १२२ हर्ट्झ. बाजूची भिंत आणि जमीन यांचा कोन वेगळा असल्यानं त्यांचे आकडे तंतोतंत असे येत नाहीत, पण तिन्ही अंतरं सारखी असली की खड्डे शेजारी शेजारी पडतात आणि एकमेकांना खोल करतात. स्पीकर बनवणारे रॉय ॲलिसन यांनी १९७४मध्ये हे सविस्तर मांडलंय: वूफर तिन्ही पृष्ठभागांपासून समान अंतरावर नको. स्टँड छान समोरासमोर, सारख्या अंतरावर लावायची माझी हौस इथे आडवी आली. डोळ्यांना जे नीटनेटकं, तेच कानांना सगळ्यात वाईट.

वूफर मागच्या भिंतीपासून १०० सेंटिमीटरवर आणला, बाजूच्या भिंतीपासून ५८. उंची तीच. खड्डा नाहीसा झाला नाही, पण फुटला. ८६ हर्ट्झजवळ एक उथळ, १४०च्या पुढे दुसरा, आणि जुन्या जागी उरले ४ डेसिबल. सोलो लावला. घिस्सा खालून निघाला आणि वरपर्यंत गेला, जुन्या ६० वॉटच्या ॲम्पवर. तीनदा ऐकला. चौथ्यांदा मित्राला फोनवर ऐकवला, जे तांत्रिकदृष्ट्या निरर्थक आहे.

व्हॉल्व्ह ॲम्प अजून माझ्याकडेच आहे. रात्री उशिरा, अगदी हळू आवाजात, ८च्या टॅपवर ऐकतो. आवाज कमी केला की कानाला खर्ज आधी कमी पडतो, हे श्रवणाचे संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांच्या १९३३च्या आलेखांपासून ठाऊक आहे, आणि तिथे ते ३ डेसिबल कामाला येतात. दिवसा मात्र जुनाच.

आता ४१ हर्ट्झचा उंचवटा राहिलाय. खोली ४.२ मीटर लांब आहे, तो तिथूनच येतो, स्पीकर सरकवून फारसा हलत नाही. आर३च्या मागच्या पोर्टमध्ये (पेटीतल्या हवेच्या तोंडात) फोमचे बोळे घालून बघायचेत, आधी एकाच बाजूला. त्याआधी फरशीवरची खूण पुन्हा करावी लागेल. जागा ठरल्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावले होते, काल फरशी पुसताना उजवीकडचे निघाले आणि स्टँड सरकला. मोजलं तर ९६ सेंटिमीटर. काल रात्रभर तसाच ऐकत होतो.