आल्याची वडी आणि दोन अंजिरं
आज ग्रीसमधल्या पारोस बेटावरून बोटीने शेजारच्या नॅक्सोस बेटावर आलो. जेमतेम तासाभराचा प्रवास, पण मेल्तेमी वारा असा सुटलेला की टोपी धरू की कॉफी! बंदरात शिरतानाच अपोलोच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा दिसतो. नुसता दरवाजाच, देऊळ अडीच हजार वर्षांपूर्वी अर्धवट राहिलं ते राहिलंच.

बंदरावरूनच आपेरांथोस या डोंगरातल्या गावाची बस पकडली. वळणं बघून वरंधा घाट आठवला, बायकोने लगेच आल्याच्या वड्या काढल्या. शेजारच्या काळ्या ओढणीतल्या आजींना एक दिली. त्यांनी डोळे मिटून चघळली, मग पिशवीतून दोन अंजिरं काढून माझ्या मांडीवर ठेवली. भाषेचा मात्र आनंदच!

गावातल्या गल्ल्यांतही पायाखाली संगमरवर. परतीची बस चुकली, वेळापत्रक आम्ही चुकून रविवारचं वाचलं होतं. बायको अजून बोलत नाहीये.