चिंगीच्या पंखाखाली आलेली पिसं पुन्हा गेली

मंडळी, आमच्या चिंगी या कॉकटीलच्या (तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या) पंखाखाली पिन फेदर, म्हणजे खोळीतली नवी कोवळी पिसं, आल्याचं मागच्या वेळी आनंदानं कळवलं होतं. ती सगळी गेली. काल पिंजऱ्याखालचा कागद उचलला, तर कोवळी पिसं मधोमध चावून तोडलेली. एकाच्या पोकळ देठात रक्त सुकलेलं. पोटात कालवलं अगदी.

म्हणजे हा मोल्ट, नेहमीची पीसगळ, नव्हेच; चिंगी स्वतःच पिसं कुरतडतेय. मोल्टमध्ये पीस देठासकट सुटतं, दोन्ही अंगांनी साधारण सारखं गळतं आणि उघडी कातडी दिसत नाही. चिंगीचं डोकं भरगच्च आहे, कारण तिथं तिची चोच पोचत नाही. डोक्यावरचीही गेली असती तर आधी पीबीएफडीची (पोपटांच्या पिसं-चोचीच्या विषाणूजन्य रोगाची) तपासणी केली असती. (लुटिनो, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या, कॉकटीलचं तुऱ्यामागचं टक्कल जन्मजात असतं, ते यात धरू नका.)

खाण्यात आता खोट काढायला जागा नाही. पीस म्हणजे जवळपास 90 टक्के केराटिन, प्रथिनच. म्हणून सूर्यफूल कमी करून उकडलेलं अंडं, गाजर, शेवग्याचा पाला सुरू आहे. राळं आणि बाजरी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातून सुटी आणतो. रंगीत पाकिटांपेक्षा ती कितीतरी ताजी मिळते. रात्री 10 ते 12 तास अंधार. शेजारच्या रानात पाचट पेटलं की खिडक्या बंद.

आमच्या दुसऱ्या पक्ष्याचा, निळ्या बजीचा (बजरीगर पोपटाचा), मोल्ट मात्र देखणा चाललाय! शेपटीचं लांब पीस पांढरी खोळ सोलून पुरतं बाहेर आलं.

चोच पिसांपर्यंत पोचू नये म्हणून चिंगीच्या गळ्यात कॉलर घालायची असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. पिसांवर मारायच्या कडू स्प्रेवर माझा विश्वास नाही, त्यानं खाज थांबत नाही. पण लिहिताना जुनी वही चाळली: कुरतडणं फक्त पंखाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, कुरतडताना ओरडणं, मधूनच पातळ शीट. कॉकटीलमध्ये हे सगळं एकत्र दिसलं की जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी तपासायलाच हवा! खाज त्याच्यामुळे असेल तर कॉलरनं काय साधणार?

तेव्हा कॉलर राहू दे. उद्या ताजी शीट घेऊन डॉक्टरांकडे जातो. जिआर्डिया प्रत्येक शीटेत सापडतोच असं नाही, म्हणून एक नमुना निगेटिव्ह आला तरी वेगवेगळ्या दिवसांचे आणखी देणार. तोवर बजी दुसऱ्या खोलीत, पाणी उकळून गार केलेलं आणि भांडी रोज कढत पाण्यातून. तुमच्यापैकी कुणाच्या कॉकटीलला हे झालं असेल, तर उपचारानंतर पिसं कधी धरली ते जरूर कळवा.