साडेतीन किलोंचा हिशेब : डोंगरातल्या शिकारीसाठी रायफल निवडताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फ्लॅट टॉप्स या पठारी भागात मी पहिल्यांदा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेलो, तेव्हा माझ्या खांद्यावर आमच्या शेजारच्या गृहस्थांची लाकडी दस्त्याची जुनी रायफल होती. नेमासाठी वर बसवलेल्या मोठ्या दुर्बिणीसह तिचे वजन ४.६ किलो भरत होते. तो भाग राखीव रान असल्यामुळे तिथे मोटार किंवा सायकल नेता येत नाही. तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, पाठीवर तंबू, पाणी आणि चार दिवसांची शिधासामग्री घेऊन सगळी चाल पायीच करावी लागते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एल्कचा कळप दिसला, परंतु चढण चढून टेकडीच्या धारेवर पोहोचेपर्यंत माझे हात इतके गळून गेले होते की नेम स्थिर होईना. मी चाप ओढला नाही. पुढच्या हंगामापूर्वी स्वतःची हलकी रायफल घ्यायची, हे तिथेच ठरवले.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय घराघरांतून जवळजवळ संपला. इथे कोलोरॅडोत मात्र शिकार परवान्याने, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येत होते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. ते मी आधीच केले होते, म्हणून आता प्रश्न केवळ हत्याराचा होता.

बोल्ट-अ‍ॅक्शनच, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने खिटी (बोल्ट) मागेपुढे सरकवून नवे काडतूस भरायची रायफल घ्यायची, याविषयी मनात शंका नव्हती. १८९८ च्या माउझर रायफलीपासून या यंत्रणेचा मूळ साचा फारसा बदललेला नाही. हलते भाग थोडे असतात, आणि थंडीत किंवा धुळीत ती अडकली तरी बोल्ट बाहेर काढून पुसता येतो. काडतुसाच्या बाबतीत मी ६.५ क्रीडमोर, .३०८ विंचेस्टर आणि ७ एमएम-०८ रेमिंग्टन या तीन प्रकारांचा विचार केला; नावातला पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, .३०८ चा इंचांत आणि बाकी दोन्हींचा मिलिमीटरमध्ये. तिन्ही आखूड यंत्रणेत बसतात, त्यामुळे रायफल थोडी हलकी आणि आटोपशीर राहते. एल्क हा सांबराच्या कुळातला, परंतु सांबरापेक्षाही थोराड प्राणी आहे. कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम वजनाची हवी, आणि ही तिन्ही काडतुसे त्या मर्यादेच्या बरीच वर आहेत. ६.५ पेक्षा थोडी जाड गोळी आणि .३०८ पेक्षा थोडा सौम्य धक्का, या हिशेबाने मी ७ एमएम-०८ पक्के केले. तीनशे यार्डांपलीकडे बार काढायचा नाही, हे मी स्वतःला आधीच बजावले होते.

खरा कस वजनाच्या प्रश्नावर लागला. सुरुवातीला मला वाटत होते की जितकी हलकी तितकी उत्तम. दुकानात २.२ किलोची एक रायफल हातात घेतली, तेव्हा ती रिकाम्या काठीसारखी वाटली आणि मी जवळजवळ पैसे मोजणारच होतो. शेजारच्या गृहस्थांनी मला थांबवले आणि ओळखीतल्या एकाची तशीच रायफल घेऊन आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. टेबलावर वाळूच्या पिशवीचा आधार घेतल्यावर तिच्या गोळ्या अगदी जवळजवळ लागल्या. मग त्यांच्या सांगण्यावरून मी बाहेरच्या वाहनतळावर चार मिनिटे जोरात धावलो, आणि धाप लागलेली असतानाच येऊन बसलो व दोनशे यार्डांवर ठेवलेल्या जेवणाच्या कागदी ताटलीवर तीन बार काढले. दोन गोळ्या ताटलीबाहेर गेल्या. आठवड्याभराने टिक्का टी३एक्स लाइट या २.९ किलोच्या रायफलीवर हीच परीक्षा घेतली, तेव्हा तिन्ही ताटलीत लागल्या.

याचे कारण अनुभवाने नीट उमजले. बारीक नळीच्या रायफलीला पुढच्या बाजूला वजन नसते, म्हणून प्रत्येक श्वासागणिक आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक तिचे टोक हलते. कोकणात आमच्या आजोबांकडे शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिची लांबलचक नळी डाव्या हातात कशी शांत बसायची, हे लहानपणी हाताला जाणवलेले मला त्या मैदानावर आठवले. शिवाय धक्क्याचा हिशेबही सरळ आहे : काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन चौथ्या हिश्शाने घटवले, तर मागे येणारी ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने वाढते. असा धक्का वारंवार बसला की माणूस चाप ओढण्याआधीच नकळत डोळे मिटू लागतो, आणि ही सवय एकदा जडली की लवकर सुटत नाही.

म्हणून मी टिक्काच घेतली, गंज लवकर न धरणाऱ्या पोलादाची आणि कृत्रिम दस्त्याची. लाकूड पावसात फुगते आणि नळीला टेकले की नेम सरकतो. नळी व दस्ता यांच्यामधून डॉलरची नोट सरकवत मागपर्यंत नेऊन मी फट मोकळी असल्याची खात्री केली. दुर्बीण मुद्दाम साधी, ३-९x४० ची (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची), सुमारे साडेतीनशे ग्रॅमची निवडली, कारण दस्त्यात पैसे खर्चून वाचवलेले वजन मोठ्या दुर्बिणीत परत घालण्यात अर्थ नाही. बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज, फॉर्म ४४७३, भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि कोलोरॅडोत २०२३ पासून लागू असलेली तीन दिवसांची मुदत संपल्यावर रायफल घरी आली. दुर्बीण, पट्टा आणि तीन काडतुसे धरून तिचे वजन साडेतीन किलो भरले.

एक अडचण मात्र आली. वीसेक बार झाल्यावर गोळ्या अचानक उजवीकडे जाऊ लागल्या. दोन दिवस मी स्वतःच्या हाताला दोष देत राहिलो. शेवटी दुर्बीण काढून पाहिली, तर दुकानात बसवलेल्या, दुर्बिणीला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एक स्क्रू बोटाने फिरत होता. हलक्या रायफलीचा धक्का स्क्रूंना लवकर सैल करतो, म्हणून ते मापाच्या पान्याने आवळावेत आणि त्यांना घट्ट धरणारे द्रव्य लावावे. हे काम मी आता स्वतःच करतो.

पुढच्या ऑक्टोबरात त्याच पठारावर, चालण्याच्या दोन काठ्या फुलीसारख्या धरून त्यांवर रायफल टेकवली आणि एकशे नव्वद यार्डांवरच्या मादी एल्कवर बार काढला. ती चाळीस पावले जाऊन कोसळली. मांस गाडीपर्यंत आणायला आम्हा दोघांना तीन फेऱ्या लागल्या, आणि शेवटच्या फेरीत, पाठीवर मागचा फरा असताना, शेजारचे गृहस्थ वाटेत थांबले व त्यांनी आपली लाकडी रायफल माझ्या रायफलीशी बदलून घेतली.