दहा बोटांत १०२३

आजी जप मोजायची ती पेरांवर, अंगठा सरकवत, एका हाताची बारा पेरं. मी देवळात प्रदक्षिणा मोजते बायनरीत, म्हणजे दोनच खुणांच्या मोजणीत: बोट उघडं किंवा मिटलेलं. प्रत्येक बोटाला एक किंमत, आणि उघड्या बोटांची बेरीज म्हणजे झालेला आकडा. उजवा अंगठा १, मग पुढची बोटं २, ४, ८, करंगळी १६, डावा अंगठा ३२ आणि असंच डबल करत डावी करंगळी ५१२, म्हणजे दहा बोटांत थेट १०२३!

एक वाढवायचा तर उजव्या अंगठ्यापासून निघायचं, उघडी बोटं मिटत जायची आणि पहिलं मिटलेलं बोट आलं की ते उघडून थांबायचं, बस्स, डोक्यात काहीच धरायला नको. अनामिका एकटी नीट उभी राहत नाही, तेवढा सराव लागतो. १०८ झाले की डावा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, उजव्या हाताचं मधलं आणि अनामिका, एवढीच उघडी. तो पॅटर्न आता हातालाच कळतो.