चार मिनिटांचं वेल्डिंग, तेवीस दिवसांची वाट

मॅग्नेशियम डायबोराइडला काय लागतं, मॅग्नेशियम आणि बोरॉन अशा दोन पावडरी आणि एक भट्टी, असं आमचे सर म्हणायचे. खोटं नाही. २००१ मध्ये जपानच्या अकिमित्सूंच्या गटाने दाखवलं की हा साधा पदार्थ ३९ केल्विनला, म्हणजे उणे २३४ अंश सेल्सिअसला, अतिवाहक होतो: वीज त्यातून रोधाशिवाय वाहते. मी उत्साहाने क्वार्ट्झच्या नळीत केला. मॅग्नेशियमच्या वाफेने क्वार्ट्झ खाल्लं, नळी आतून काळी पडून तडकली.

म्हणून स्टीलचा पाइप. लोखंडाशी मॅग्नेशियमचं फारसं जमत नाही, आपल्याला तेच हवं. मेणबत्तीएवढा जाड, वीतभर लांब तुकडा, दोन्ही टोकं बंद. बस्स.

वर्कशॉपच्या खिडकीत अर्ज दिला. "ड्रॉइंग कुठंय?" पाइपचं काय ड्रॉइंग काढणार? तरी काढलं. "टॉलरन्स लिहिलेला नाही." मापात किती फरक चालेल, तेही लिहिलं. मग गाइडची सही, मग विभागप्रमुखांची, ते परगावी. मग जॉब नंबर पडला, तर वेल्डिंगवाले काका रजेवर. रोज सकाळी त्या खिडकीशी जाऊन उभी राहायचे, आतला माणूस मान वर न करता "अजून नाही" म्हणायचा. वेल्डिंग चार मिनिटांचं, मी दिवस मोजले तेवीस.

काका आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आत काय आहे?"
"मॅग्नेशियम."
"मग मी हात लावत नाही."

माझा संताप झाला, पण त्यांचं बरोबर होतं, मॅग्नेशियमची पावडर पेट घेते. शेवटी त्यांनीच युक्ती सांगितली: वरची दोन इंच नळी रिकामी ठेव, वाइसमध्ये दाबून चपटी कर, मग फक्त ती कड टिग वेल्डिंगने धरतो. पावडरीच्या भागाला ओलं फडकं गुंडाळलं.

हो, राहिलंच. खालचं टोक पावडर भरायच्या आधी बंद करून घ्या आणि नळी पाण्यात धरून सायकलच्या पंपाने हवा मारा. माझ्या पहिल्या नळीत बुडबुडा आला होता. तशीच भरली असती, तर भट्टीत मॅग्नेशियमची वाफ तिथूनच निसटली असती. आणि १ ग्रॅम मॅग्नेशियमला हिशोबाने ०.८९ ग्रॅम बोरॉन लागतं; मॅग्नेशियम चिमूटभर जास्तच घाला.

भट्टीचं सांगण्यासारखं काही नाही: आरगॉन या निष्क्रिय वायूमध्ये ८५० अंश सेल्सिअस, दोन तास. हॅकसॉने नळी कापली, आत काळपट, सच्छिद्र कांडी. ३८ केल्विनला रोध धाडकन खाली आला.

कापलेली नळी काकांना दाखवली. कांडीकडे त्यांनी बघितलंही नाही. कडेवरून अंगठा फिरवून म्हणाले, "वेल्ड पकडलंय."